माशाला पाणी किती?

शतपथ ब्राह्मणातील मनू आणि मत्स्य ह्यांची कथा आपल्याकडे प्रलयाची कथा म्हणून वाचली जाते. नौका, माशाच्या शिंगाला बांधलेला दोर, उत्तरेचा पर्वत आणि पाणी ओसरल्यावर उरलेला एकटा मनू असा तिचा उत्तरार्ध सर्वांच्या लक्षात असतो. पूर्वार्ध मात्र वर्गातही घाईने ओलांडला जातो. वस्तुतः तो पूर्वार्ध म्हणजे मासा पाळण्यासंबंधीचे आपल्या वाङ्मयातील अगदी आरंभीचे टिपण आहे, असे म्हटले तर ते फारसे धाडसाचे ठरू नये.

सकाळी हात धुताना मनूच्या हाती एक इवलासा मासा येतो. माझे पालन कर, मी तुला तारीन, असे तो म्हणतो. पालन करायचे म्हणजे कसे, हा मनूचा प्रश्न. त्यावर माशाचे उत्तर मोठे मुद्देसूद आहे: आम्ही लहान असतो तोवर आमच्या नाशाची कारणे पुष्कळ, मासाच माशाला गिळतो, म्हणून आधी मला कुंभीत ठेव, कुंभी पुरेनाशी झाली की खड्डा खणून त्यात ठेव, तोही पुरेनासा झाला की समुद्राला नेऊन सोड. कथेतले दैवी अंग क्षणभर बाजूला ठेवले, तर उरते ती पाळीव माशाने पालकाला दिलेली सूचना. तिच्यात दोन वेगळ्या गरजा स्पष्टपणे ओळखलेल्या आहेत. लहानपणी संरक्षण हवे म्हणून आटोपशीर भांडे, आणि पुढे वाढ होणार म्हणून उत्तरोत्तर मोठे पाणी. भांड्याच्या मापाने मासा बेताचाच वाढेल, अशी आशा ही कथा कोठेही दाखवीत नाही.

महाभारताच्या वनपर्वात हीच कथा विस्ताराने येते. तेथे मनू चीरिणी नदीच्या काठी तप करीत असतो, तो माशाला आधी अलिंजरात, म्हणजे मोठ्या रांजणात, ठेवतो, मग वापीत, मग गंगेत, आणि शेवटी समुद्रात. ह्या पाठात एक तपशील असा आहे की ज्याकडे भाष्यकारांनी फारसे लक्ष दिलेले नसले तरी मासे पाळणाऱ्याने अवश्य द्यावे. वापीचे माप तेथे दिले आहे, दोन योजने लांब आणि एक योजन रुंद, आणि एवढ्या विस्तारातही त्या माशाला हालचाल करता येईना असे म्हटले आहे. लांबी सांगितली, रुंदी सांगितली, खोली सांगितली नाही. हा योगायोग असेल, किंवा अनुष्टुभाची सोय असेल. पण पाणी किती हे ठरवताना पृष्ठभागाचा विस्तार आधी पाहावा, हा पुढे एकोणिसाव्या-विसाव्या शतकात मत्स्यपालकांनी अनुभवातून काढलेला नियम त्या श्लोकात अजाणता बसलेला आहे. भागवताच्या आठव्या स्कंधात नायक बदलतो. द्रविडराज सत्यव्रताला कृतमाला नदीत तर्पण करताना मासा मिळतो. तेथे वाढ अधिकच वेगवान आहे. कमंडलूतला मासा एका रात्रीत वाढतो आणि मोठ्या भांड्यात घातल्यावर मुहूर्तभरात तीन हात होतो. तिन्ही ग्रंथांत भांड्यांची नावे बदलली, क्रम बदलला नाही.

महाभारतकाराला आणखी एक व्यावहारिक अडचण जाणवलेली दिसते. एवढा प्रचंड मासा वापीतून गंगेपर्यंत आणि गंगेतून समुद्रापर्यंत न्यायचा कसा? म्हणून तो मासा नेताना सहज उचलता येण्याजोगा झाला आणि त्याचा स्पर्श व गंधही सुखद होता, अशी सोय कवीने करून ठेवली आहे. मासळी हाताळलेल्या माणसाला ही टीप विशेष आवडावी.

आता मनूची कुंभी कशाची होती? ती मातीची असावी असे आपण धरून चालतो, आणि माशाच्या दृष्टीने ते बरेच आहे. नाशिककर मात्र भांडे म्हटले की आधी तांब्यापितळेचा विचार करील. भांडी बाजार आणि तांबट आळीच्या ह्या गावात हंडा, घागर, पंचपात्री ह्यांचा व्यवसाय पिढ्यान्‌पिढ्या चालला. पिण्याचे पाणी तांब्यात ठेवावे हा आपला संस्कार आहे. पण माणसाला मानवणारे ते पाणी माशाला मानवत नाही. पाण्यात उतरलेले तांबे अगदी अल्प प्रमाणातही माशाच्या कल्ल्यांना इजा करते. गोगलगाई, कोळंबी ह्यांना तर ते अधिकच घातक. माशांवरील काही परजीवी मारण्यासाठी तांब्याची औषधे वापरतात हे खरे. परंतु तेथेही औषधाची मात्रा आणि विषाची मात्रा ह्यांत अंतर फार थोडे असते. म्हणजे माशाच्या भांड्याविषयीचा पहिला प्रश्न मापाचा नसून धातूचा आहे, आणि देवघरातील सर्वांत पवित्र भांडे येथे सर्वांत अयोग्य ठरते.

संस्कृत वाङ्मयात माशांविषयीचे सर्वांत तपशीलवार प्रकरण ज्या ग्रंथात आहे तो मराठीच्या अभ्यासकांना अपरिचित नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर ह्याचा मानसोल्लास (सुमारे ११२९-३१) आपण मराठी पद्याच्या जुन्या नमुन्यांसाठी उघडतो आणि संगीताच्या प्रकरणाशी थांबतो. त्याच ग्रंथाच्या विनोदविंशतीत मत्स्यविनोद आहे. पस्तीस प्रकारचे मासे, समुद्रातले आणि नदीतले, खवल्यांचे आणि बिनखवल्यांचे, कोण कोठे राहतो, कोणाला कोणते खाद्य रुचते, गळ आणि दोर कसा असावा, असा सगळा तपशील राजा देतो. भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे संचालक सुंदरलाल होरा ह्यांनी १९५१ साली एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात ह्या प्रकरणावर लेख लिहिला, आणि मग मत्स्यशास्त्रज्ञांचे तिकडे लक्ष गेले. साहित्यवाल्यांचे अजून जायचे आहे. अर्थात सोमेश्वराचा हेतू मासा पकडण्याचा होता, पाळण्याचा नव्हे. तरीही त्याने एक गोष्ट नोंदवली आहे. मासा ज्या ठिकाणी राहतो ते ठिकाण आणि तो जे खातो ते खाद्य ह्यांची सांगड घातल्याशिवाय त्याच्याशी कोणताही व्यवहार जमत नाही, मग तो व्यवहार गळाचा का असेना.

भांड्यात मासा ठेवून तो शोभेसाठी पाहत बसणे ही मात्र प्रामुख्याने चीनची देणगी. सोंग राजवटीच्या काळात, म्हणजे स्थूलमानाने मानसोल्लासाच्याच शतकांत, तेथे सोनेरी मासे पैदाशीने तयार केले गेले. ते आधी तळ्यांत आणि पुढे मातीच्या किंवा चिनी मातीच्या रुंद तोंडाच्या कुंडांत ठेवीत आणि वरून पाहत. पंख्यासारखी शेपटी, गोलसर पाठ, बाहेर आलेले डोळे ही वैशिष्ट्ये वरून पाहणाऱ्यासाठी निवडली गेली. युरोपात हा मासा सतराव्या शतकात पोहोचला आणि अठराव्या शतकात श्रीमंतांच्या दिवाणखान्यात रुळला. इंग्रजीच्या विद्यार्थ्यांना टॉमस ग्रे ह्याची होरेस वॉल्पोलच्या मांजरीवरील विलापिका ठाऊक असेल. मांजर ज्यात बुडाली ते चिनी मातीचे रुंद भांडे होते, काचेचे नव्हते. काच स्वस्त झाली आणि पाहणाऱ्याची नजर वरून बाजूला आली. तेव्हापासून भांडे उंच, निमुळते, गोल होऊ लागले, कारण बाजूने पाहणाऱ्याला तेच देखणे दिसते. गोल भांडे काठोकाठ भरले की त्याचे तोंड बारीक, म्हणजे हवेला भिडणारे पाणी सर्वांत कमी. शोभेच्या दृष्टीने तो कळस होता; माशासाठी त्याहून वाईट आकार शोधून काढणे अवघड.

हे का, ह्याचे उत्तर मिळायला एक बाप आणि एक मुलगा खर्ची पडले. रॉबर्ट वॉरिंग्टन (१८०७-१८६७) हा लंडनमधला रसायनज्ञ. वनस्पती प्राणवायू सोडतात हे अठराव्या शतकाच्या अखेरीस कळले होते. वॉरिंग्टनने १८४९-५० च्या सुमारास सुमारे बारा गॅलनचे काचेचे भांडे घेतले, ते अर्धे पाण्याने भरले, त्यात दोन लहान सोनेरी मासे आणि व्हॅलिस्नेरिया नावाची पाणवनस्पती सोडली. पाने कुजून पाणी गढूळ झाले, तेव्हा ती खाण्यासाठी त्याने तळ्यातल्या गोगलगाई आणून सोडल्या. मासा, वनस्पती आणि गोगलगाय ह्यांचा मेळ बसला आणि पाणी न बदलता महिनोन्‌महिने निर्मळ राहिले. बारा गॅलन म्हणजे सुमारे ५४ लिटर. आज आपल्या दुकानांत दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच अशी जी पेटी नवशिक्याला दिली जाते तिची क्षमता सुमारे ५६ लिटर भरते. पावणेदोनशे वर्षांपूर्वी जे भांडे दोन लहान माशांसाठी निम्मे भरून घेतले होते, तेवढ्याच पेटीत आज डझन-दीड डझन मासे कोंबून दिले जातात.

वॉरिंग्टनचा समतोल खरा होता, पण त्याचे स्पष्टीकरण अपुरे होते. तो प्राणवायूकडे पाहत होता. माशाला अधिक लवकर मारणारी गोष्ट दुसरीच होती. मासा कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया सोडतो, उरलेले अन्न कुजून त्यात भर पडते, आणि अमोनिया माशाला विषारी असतो. वाहत्या पाण्यात तो विरून जातो, भांड्यात साचतो. त्याचे आधी नायट्राइटमध्ये, जे तितकेच घातक, आणि मग पुष्कळच सौम्य अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे जिवाणू वाळूवर, दगडांवर, भांड्याच्या कडांवर वसती करतात. हे काम सजीवांचे आहे असे फ्रान्समध्ये श्लोझिंग आणि म्युन्ट्झ ह्यांनी १८७७ साली दाखवले. ते दोन टप्प्यांत चालते हे इंग्लंडमधील रॉथॅमस्टेड येथे शेतजमिनीवर काम करताना ज्याने उलगडले, त्याचे नावही रॉबर्ट वॉरिंग्टन. तो त्या रसायनज्ञाचाच मुलगा. बापाने काचेच्या भांड्यात जे घडवून आणले त्याचे अर्धे कारण मुलाला शेतातल्या मातीत सापडले. पुढे विनोग्राड्स्कीने १८९० च्या सुमारास ते जिवाणू वेगळे करून दाखवले.

ह्या जिवाणूंची वसती जमायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. नवी पेटी आणून त्याच संध्याकाळी मासे सोडले की ते दहा-पंधरा दिवसांत मरतात, आणि घरात ‘आम्हांला मासे लाभत नाहीत’ असा निष्कर्ष निघतो, त्यामागचे रहस्य एवढेच आहे. येथेच मापाचा प्रश्न येतो. पाणी जितके जास्त तितके विष विरळ, चूक सावरायला वेळ अधिक. दहा लिटरच्या भांड्यात चिमूटभर जास्तीचे खाद्य पडले तर दुसऱ्या दिवशी पाणी नासते. दोनशे लिटरमध्ये तीच चिमूट कळतही नाही. म्हणून नवशिक्याने लहान भांड्यापासून सुरुवात करावी हा आपल्याकडचा सर्वमान्य सल्ला नेमका उलटा आहे. लहान भांडे सांभाळणे हे मुरलेल्याचे काम.

तापमानाचेही तेच. नाशिकचा हिवाळा काय असतो हे निफाडच्या द्राक्षबागायतदारांना विचारावे. पारा दहा अंशांच्या खाली जाणे तेथे नवलाचे नाही, आणि एप्रिल-मेमध्ये तोच चाळिशीला टेकतो. शोभेचे बहुतेक मासे उष्ण कटिबंधातले, चोवीस ते अठ्ठावीस अंशांत सुखी असणारे. थोडे पाणी रात्रीत गार होते आणि दुपारी तापते, आणि तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. मोठे पाणी ही चढउतार अंगावर घेते. जुन्या वाड्यांतील हौद आणि विहिरी ह्यांत मासे वर्षानुवर्षे कसे तगून राहत, ह्याचे उत्तर त्यांच्या आकारमानात आहे. डासांच्या अळ्या खाण्यासाठी आरोग्य खाते आजही हौदांत गप्पी मासे सोडते. ते कोणाच्या देखरेखीवाचून जगतात आणि वाढतात. पण तीच गप्पी दिवाणखान्यातल्या गोल बाउलमध्ये महिना काढत नाही.

मग माप काय धरावे? प्रचारात एक नियम आहे: माशाच्या दर इंचाला एक गॅलन, म्हणजे सुमारे पावणेचार लिटर पाणी. छोट्या, सडपातळ माशांपुरता तो चालून जातो. पण त्यातला हिशेब लांबीचा आहे आणि मासा ही केवळ लांबी नव्हे. एक इंचाचा मासा त्याच ठेवणीने दहा इंचांचा झाला तर त्याचे आकारमान दहा पट होत नाही, हजार पट होते. अन्न आणि मळ अगदी हजार पट वाढत नसले तरी दहा पटींच्या कितीतरी पुढे जातात. त्यामुळे दहा एक-इंची माशांना पुरणारे पाणी एका दहा-इंची माशाला कदापि पुरणार नाही. शिवाय दुकानातला मासा हे पिल्लू असते. पाच रुपयांच्या नाण्याएवढा सोनेरी मासा नीट वाढला तर वीत-दीड वीत होतो आणि दहा-वीस वर्षे जगू शकतो. इंग्लंडमधील यॉर्कशायरात एक सोनेरी मासा त्रेचाळीस वर्षे जगून १९९९ साली वारला अशी नोंद आहे. त्याच्यासाठी शंभर लिटरपासून विचार सुरू करावा लागतो, आणि लांबी-रुंदी उंचीपेक्षा महत्त्वाची मानावी लागते. वापीच्या श्लोकात खोली नाही, ह्याची पुन्हा आठवण येते. जो मासा येरझारा घालतो त्याला लांब पेटी हवी. जो पानांआड थबकून राहतो त्याला थोडी उंचीही चालेल. फायटर नावाने विकल्या जाणाऱ्या माशाला पृष्ठभागावरची हवा घेता येते, म्हणून तो पेल्यातही जगतो. जगतो, हे क्रियापद येथे नीट वाचावे.

‘मासा भांड्याइतकाच वाढतो’ हे वाक्य मराठी मध्यमवर्गीय घरांत वेदवाक्यासारखे ऐकू येते. त्यात सत्याचा अंश असा, की कोंदट पाण्यात माशाची वाढ खरोखर खुंटते. पण ती खुंटते ती साचलेल्या मळाने आणि अपुऱ्या जागेने. पाठीचा कणा वाकतो, आयुष्य घटते. खुंटलेले झाड बोन्साय म्हणून मिरवता येते, खुंटलेला मासा केवळ आजारी असतो.

एकोणिसाव्या शतकाकडे थोडे परत जाऊ. वॉरिंग्टनच्या प्रयोगानंतर तीनच वर्षांत, १८५३ साली, लंडनच्या प्राणिसंग्रहालयात पहिले सार्वजनिक मत्स्यगृह उघडले, आणि पुढच्याच वर्षी फिलिप हेन्री गॉस ह्याने ‘द अ‍ॅक्वेरियम’ हे पुस्तक लिहून तो शब्द घरोघर पोहोचवला. त्यातून जे वेड उसळले त्यात इंग्लंडच्या किनाऱ्यावरील खडकांतली डबकी अक्षरशः ओरबाडली गेली. गॉसच्या मुलाने, एडमंड गॉसने, १९०७ च्या ‘फादर अँड सन’ ह्या आत्मकथनात ह्या नासाडीविषयी आणि तिच्यातील वडिलांच्या अजाण सहभागाविषयी लिहिले आहे. आत्मचरित्राच्या अभ्यासक्रमात हे पुस्तक नेहमी धर्म विरुद्ध विज्ञान ह्या चौकटीत शिकवले जाते; पाण्याच्या बाजूनेही ते एकदा वाचून पाहावे. त्या काळातला सर्वांत शहाणा माणूस माझ्या मते विल्यम आल्फोर्ड लॉइड हा होता. हॅम्बुर्ग (१८६४) आणि लंडनचा क्रिस्टल पॅलेस (१८७१) येथील मत्स्यालये उभारताना त्याने प्रेक्षकाला दिसणाऱ्या टाक्यांच्या कितीतरी पट पाणी जमिनीखालच्या अंधाऱ्या हौदात साठवले आणि ते सतत खेळते ठेवले. जे दाखवायचे नाही त्यावर जास्त खर्च करायचा, हे व्हिक्टोरियन प्रदर्शनप्रियतेत दुर्मीळच.

भारतात पहिले सार्वजनिक सागरी मत्स्यालय मद्रासला १९०९ साली झाले. महाराष्ट्राचे तारापोरवाला मत्स्यालय मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर १९५१ साली राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद ह्यांच्या हस्ते उघडले. आठ लाखांच्या खर्चातले दोन लाख ज्यांनी दिले त्या पारशी दात्याचे नाव त्याला मिळाले. समुद्राला लागून असल्याने खाऱ्या पाण्याचा प्रश्न सुटला होता. नाशिक, जळगाव, नगरकडच्या शाळांच्या सहली राणीची बाग आणि मत्स्यालय ह्या जोडीनेच आखल्या जात, आणि जिवंत समुद्री मासा हा घाटावरच्या मुलांनी पहिल्यांदा तेथे पाहिला. २०१३ मध्ये ते नूतनीकरणासाठी बंद झाले. २०१५ मध्ये बारा फुटांच्या पारदर्शक बोगद्यासह उघडले. २०२० च्या टाळेबंदीत पुन्हा दारे लागली. त्या काचांसमोर उभ्या राहिलेल्या दोन-तीन पिढ्यांनी घरी परतून जी पेटी आणली, तिला मात्र जमिनीखालचा हौद नव्हता.

घरातल्या पेटीच्या मापावर सरकारने बोलावे का, हाही प्रश्न येऊन गेला आहे. इटलीत मोंझा शहराने २००४ साली आणि रोमने २००५ साली गोल बाउलवर बंदी घातली. वक्र काचेतून माशाला जग वेडेवाकडे दिसते, असा मोंझाचा युक्तिवाद. स्टीफन हॉकिंगला तो एवढा भावला की वास्तव म्हणजे काय ह्या चर्चेसाठी त्याने तो ‘द ग्रँड डिझाइन’मध्ये घेतला. आपल्याकडे केंद्र सरकारने मे २०१७ मध्ये मत्स्यपेटीतील प्राण्यांच्या दुकानांसाठी नियम काढले, त्यांतही बाउलमध्ये मासे ठेवण्यास मनाई होती. व्यापाऱ्यांचा आणि पैदासकारांचा विरोध झाला आणि ते मागे घेण्यात आले. नियम घाईचे होते हे मान्य करूनही, बाउलपुरता त्यांचा आग्रह योग्य होता असे मला वाटते. वास्तुशास्त्र आणि फेंगशुई ह्यांच्या नादाने ईशान्येच्या कोपऱ्यात मावेल एवढी पेटी घ्यायची, तिच्यात हातभर वाढणारा अरोवाना सोडायचा आणि तो मेला की आपल्यावरचे संकट त्याने घेतले असे समाधान मानायचे, हा प्रकार पाहिला की मनूच्या पिढीचे व्यवहारज्ञान अधिक शाबूत होते असे म्हणावेसे वाटते.

नाशिकचे सर्वांत प्रसिद्ध भांडे म्हणजे रामकुंड. १६९६ साली चित्रराव खटावकरांनी बांधलेले हे कुंड सुमारे २७ मीटर लांब आणि १२ मीटर रुंद आहे. पुढे पेशव्यांच्या घराण्यातील गोपिकाबाईंनी त्याची दुरुस्ती करविली. ह्या कुंडांची मूळ कल्पना वाहत्या नदीला क्षणभर थोपवण्याची होती, अडवण्याची नव्हे. तळाशी खडक, वाळू, झरे, वरून प्रवाह. सिंहस्थाच्या कामांत कुंडांच्या तळाशी काँक्रीट ओतले गेले, आणि ते काढून झरे मोकळे करावेत म्हणून गोदाप्रेमींना न्यायालयापर्यंत जावे लागले. हा वाद बहुधा श्रद्धेच्या आणि वारशाच्या भाषेत मांडला जातो. वॉरिंग्टन बापलेकांच्या भाषेतही तो मांडता येईल. ज्या वाळूत आणि दगडांत पाणी शुद्ध करणारे जीव वसती करतात तीच बुजवली, की नदीची काचपेटी होते, आणि तीही गाळणीवाचूनची.

आणि ह्या नदीकडेच घरातली पेटी अखेरीस येते. मासा वाढतो, पेटी अपुरी पडते, आणि पालक मनूच्या कथेतील शेवटची सूचना पाळायला निघतो. भूतदयेने, कधी हात जोडून, तो मासा नदीत किंवा धरणात सोडतो. मनूचा मासा ज्या पाण्यातून आला त्याच पाण्यात मोठा होऊन गेला. हा मात्र दक्षिण अमेरिकेतला असतो. पेटीची काच साफ ठेवतो म्हणून विकला जाणारा सकर मासा असाच हिंडत हिंडत उजनी धरणात पोहोचला आणि तेथे भरमसाट वाढला. त्याच्या काटेरी कवचाने जाळी फाटतात, बाजारात त्याला भाव नाही, आणि स्थानिक माशांचे खाद्य व अंडी ह्यांवर तो ताव मारतो. कुंभीतून समुद्राकडे नेण्याचा मार्ग आज ह्या कारणाने बंद आहे. मासा वाढल्यावर ठेवायला जागा नसेल तर तो दुकानदाराला किंवा मोठी पेटी असलेल्या माणसाला परत द्यावा लागतो, आणि तशी सोय नसेल तर तो मुळात आणू नये.

ह्या प्रदेशाला परकीय माशांची तहान का लागावी, हेही एक कोडेच आहे. कर्नल साइक्सने १८३९ साली दख्खनच्या माशांची वर्णने प्रसिद्ध केली, तेव्हा त्याने कोळ्यांच्या तोंडची मराठी नावे थेट शास्त्रीय लॅटिनमध्ये बसवली. खुद्री, कोलस, नुक्ता, पोटेल, बोग्गत ही नावे आज जगभरच्या मत्स्यशास्त्रात चालतात आणि मराठी शब्दकोशांत मात्र चाचपडून शोधावी लागतात. ह्यांतली खुद्री म्हणजे दख्खनचा महाशीर. तो मीटरभरही वाढतो, त्याला खळाळते, प्राणवायूने भरलेले पाणी लागते, आणि कोणत्याही दिवाणखान्यात मावेल अशी पेटी त्याच्यासाठी बनू शकत नाही. नाशिक जिल्ह्यात, त्र्यंबकच्या डोंगरांत उगम पावणारी वैतरणा खाली पालघर जिल्ह्यात उतरते, तेथे वाडा तालुक्यातील तिळसे येथे तिळसेश्वराच्या देवळाशी नदीच्या डोहात महाशीर राखलेले आहेत. त्यांना कोणी धरत नाही. रायगडात महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंडीलाही अशीच राखण आहे. भाविक काठावर उभे राहून चुरमुरे, लाह्या टाकतात, मासे वर येतात, पाठी क्षणभर चकाकतात आणि पुन्हा खाली जातात. पाहायचे ते वरूनच, आणि डोहाची खोली कोणी मोजलेली नसते.